बारकी सही

“ही सही तुमच्या आईचीच ना?”

चौकशी अधिकारी बाईंनी शीट माझ्याकडे फिरवली. निळसर, अर्धपारदर्शक फिल्मवर काळ्या रेघा. रस्ते, पाण्याच्या वाहिन्या आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या जागी एक लहानसं वर्तुळ. त्यांनी पेन्सिलीचं टोक एका वर्तुळाशेजारी टेकवलं. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी सही होती आणि खाली तारीख.

“हो, तिचीच.”

माझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं हीच सही होती. तिथे मात्र ती चौकट ओलांडून बाहेर पडायची.

“मग आपलं काम सोपं झालं,” बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. आल्या आल्या त्यांनी मला पाणी दिलं होतं, पंखा माझ्याकडे वळवला होता. “वाचून घ्या आणि खाली सही करा. त्यांच्या वतीने काही म्हणायचं असेल तर तेही लिहा. चारला मला अहवाल पाठवायचाय.”

आई पाणीपुरवठा खात्याच्या आरेखन शाखेत एकतीस वर्षं नकाशे काढत होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि जाऊन दोन महिने. ती जायच्या तीन आठवडे आधी एका शाळेजवळची मोठी वाहिनी फुटली. पाणी बंद करायला आलेल्या माणसांनी शीट क्रमांक दोनशे चौदा पाहिली आणि रस्त्याच्या पश्चिमेला खणलं. तिथे व्हॉल्व्ह नव्हता. तो पूर्वेला होता, डांबराच्या थराखाली. तो सापडेपर्यंत अकरा तास गेले आणि शाळेचं तळमजल्यावरचं वाचनालय गुडघाभर पाण्यात उभं राहिलं. शीटवर आधी तो पूर्वेलाच दाखवलेला होता. चौदा वर्षांपूर्वी कुणीतरी तो खरवडून पश्चिमेला काढला होता आणि शेजारी बारकी सही केली होती.

अहवाल मी दोनदा वाचला. शेवटी लिहिलं होतं, ‘सदर चूक एकवेळची नसून सवयीची आहे.’ शाखेतल्या सगळ्या शीट मोजल्या होत्या. आईच्या सहीच्या दुरुस्त्या चारशे बारा. बाकी पाच जणांच्या मिळून अडतीस.

“आणि हे काय?” अहवालाला दोन पानं जोडलेली होती.

“ते नव्या भरतीच्या प्रशिक्षणासाठी. ‘कामात टाळायच्या सवयी’. साध्यासाध्या गोष्टी असतात हो, कुणी बोलून दाखवत नाही, पण माणसाचं नाव हळूहळू खराब होतं. हे प्रकरण उदाहरण म्हणून चांगलं आहे.”

मी वाचत गेले. वारंवार दुरुस्त्या करणे. बैठकीत मत न मांडणे. जेवणाच्या सुट्टीतही टेबल न सोडणे, सहकाऱ्यांत न मिसळणे. मेमो आल्यास खुलासा न देता चूक मान्य करून मोकळे होणे. प्रत्येक ओळीपुढे आईचं नाव, हुद्दा आणि वर्ष.

“नाव घालायलाच हवं का?”

“नाव नसलं तर कोणी वाचत नाही,” बाई म्हणाल्या आणि मग जरा ओशाळल्या. “म्हणजे, पद्धतच आहे तशी.”

मला राग यायला हवा होता. पण मी गोंधळून गेले होते. ही बाई कोण, तेच मला समजेना. आमच्या घरात आईचं कधी काही चुकलेलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं तर ती म्हणायची, “वरून पाणी प्या.” एकदा दोन वेगवेगळ्या चपला घालून बाजारात जाऊन आली आणि मी हसले तर वर मलाच म्हणाली, “दोन्ही आपल्याच आहेत ना? मग?” बाबा तर म्हणायचे, हिच्या तोंडून ‘चुकलं’ ऐकायला मी लग्नापासून थांबलोय. आणि इथे फाइलमध्ये तीन मेमोंना तिची तीन उत्तरं होती. एका ओळीची, एकाच घाटाची. चूक मान्य. दुरुस्ती केली आहे.

चौथा मेमो तिला इस्पितळात मिळाला होता. याच शीटबद्दल. मीच तो वाचून दाखवला.

“लिहून टाक,” ती म्हणाली होती. “चूक मान्य.”

“अगं, शीट तरी बघ आधी. मागवू आपण.”

“बघायचंय काय त्यात? सही आहे ना माझी?”

“सही आहे म्हणजे चूक आहे का?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “उशी जरा वर कर.” मी उशी वर केली. उत्तर लिहिलं नाही. आधी शोध घेऊ, मग लिहू, असं मी ठरवलं आणि बारा दिवसांत ती गेली.

“मला बाकीच्या शीट बघता येतील?” मी बाईंना विचारलं.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “चारपर्यंत. रेकॉर्ड तळघरात आहे. तिथल्या मामांना माझं नाव सांगा.”

*

रेकॉर्ड खोलीचे मामा लोखंडी शिडीवर चढून काहीतरी शोधत होते. मी कोण ते सांगितलं तर ते तिथूनच म्हणाले, “ताईंची लेक? थांबा, उतरतो. नाहीतर पडायचो, आणि तेही ताईंच्याच नावावर लागायचं.”

खाली आल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं. “नाक त्यांचंच आहे. बस. खुर्ची पुसून बस, साडी खराब होईल.”

मी चारशे बाराचा आकडा सांगितला. ते हसले.

“कमी मोजल्यात. वरच्या कपाटापर्यंत शिडी पोचली नसेल त्यांची. खोडरबर म्हणायचे गं त्यांना. मागे. तोंडावर ताई, पाठीमागे खोडरबर. ‘दे खोडरबरकडे, नजर टाकेल.’ शीट झाली की ज्याचा त्याचा हात ताईंच्या टेबलाकडे. का, तर खिडकीजवळ बसायच्या, उजेड चांगला. आणि दुसरं म्हणजे नाही म्हणायच्या नाहीत.”

“पण मग दुरुस्त्या कुणाच्या?”

“ये इकडे.”

तळघराला छताजवळ एक आडवी खिडकी होती. मामांनी एका गठ्ठ्यातून शीट ओढली. कोपऱ्यात आताच्या मुख्य आरेखकांचं नाव होतं. तेव्हा ते साधे आरेखक होते आणि त्यांना सगळे ‘आरसा’ म्हणत. त्यांच्या शीटवर डाग नाही, खाडाखोड नाही, म्हणून. मामांनी ती शीट दोन्ही हातांनी उजेडासमोर धरली.

“आता बघ.”

काळ्या रेघांच्या मधे ठिकठिकाणी पांढुरके ठिपके उमटले. काही नखाएवढे, काही बोटभर. फिल्म तिथे पातळ झाली होती, झिजलेल्या कापडासारखी.

“ब्लेडने खरवडलं की असं होतं. टेबलावर ठेवून बघितलं तर दिसत नाही. मोज. किती?”

मी एकोणीसपर्यंत मोजून थांबले. सही शेजारी एकाही ठिकाणी नव्हती.

“ब्लेड सगळ्यांकडे होतं,” मामा म्हणाले. “नियम भिंतीवर लावलाय, जो दुरुस्ती करेल त्याने सही-तारीख टाकायची. वाचलाय सगळ्यांनी. नेमाने पाळला एकट्या ताईंनी. दुसऱ्याच्या शीटवर चूक सापडली की खरवडायच्या, नीट काढायच्या आणि आपली बारकी सही ठोकायच्या. तोवर तो पठ्ठ्या घरी गेलेला. वरचा साहेब शीट उघडतो, सही बघतो ताईंची. त्याला वाटतं, बाई फार चुकते. एक वर्ष वाटलं, दोन वर्षं वाटलं. मग वाटणं पक्कं झालं.”

“तिने सांगितलं का नाही कुणाला?”

“मी म्हटलं एकदा. ताई, निदान ज्याची चूक त्याला तरी सांगा. तर म्हणाल्या, मामा, त्याला खाली मान घालायला लावून मला काय मिळणार? वाहिनी बरोबर दाखवली, झालं.”

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी जिना जवळजवळ पळतच चढले.

*

मुख्य आरेखक आपल्या खोलीत एकटेच होते. मी त्यांना सगळं सांगितलं. उजेडात धरलेल्या शीटचं सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.

“खरवडलेलं माझंच,” ते म्हणाले. “शीट द्यायच्या आधी सगळेच करायचे. सही कोण टाकत बसणार? पण ताईंनी माझ्या शीटवर काय काय बदललं, ते मला आता कळतंय. या चौकशीत. शीट एकदा खाली गेली की आम्ही कशाला परत बघतोय?”

“म्हणजे तुम्हाला ठाऊकच नव्हतं?”

“नाही ना!” त्यांचा आवाज चढला आणि मग त्यांनी तो सावरला. “पंधरा वर्षं मी समजत होतो, माझं काम बिनचूक आहे. आरसा म्हणायचे मला. मी नव्या पोरांना ओरडायचो, माझ्या शीट बघा, एक तरी चूक दाखवा. ताई तिथेच बसलेल्या असायच्या. खाली मान घालून. त्यांनी सांगायला हवं होतं हो मला. चारचौघांत नको, पण मला. मी सुधारलो असतो. आता नोकरीची दोन वर्षं राहिली माझी, आता काय सुधारू?”

आईवर कुणी असं रागावेल हे माझ्या हिशोबातच नव्हतं.

“दोनशे चौदा कुणी काढली होती?” मी विचारलं.

“मी.” ते म्हणाले. “बघा, तुम्ही आलात म्हणून सांगतो, नाहीतर बोललो नसतो. मोजणीच्या वहीत लिहिलं होतं, व्हॉल्व्ह डावीकडे. आता मोजणीवाले नेहमी टाकीकडून निघतात, उत्तरेला तोंड करून. म्हणजे डावीकडे म्हणजे पश्चिम. ताईंनी वही आणि शीट ताडून बघितली असणार, मी पूर्वेला काढलेला पाहिला असणार आणि बरोबर केला असणार. वहीप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं.”

“मग?”

“मग काही नाही. त्या दिवशी टाकीकडचा रस्ता बंद होता. मोजणीवाले शाळेकडून निघाले, दक्षिणेला तोंड करून. वहीत लिहायचं राहिलं. जेवताना त्यांच्यातला एक जण बोलला, आज सगळं उलटं मोजलं. आम्ही पाचही जण होतो तिथे.” त्यांनी पट्टी पुन्हा उचलली. “ताई नव्हत्या. त्या टेबलावरच जेवायच्या.”

“का पण?”

“आमच्या शीट बघत,” ते म्हणाले. “दुसरं काय?”

म्हणजे चारशे अकरा वेळा तिचं बरोबर होतं आणि एकदा चुकलं. वाहिनी फुटली ती नेमकी त्या एका ठिकाणी.

*

मी पुन्हा तळघरात आले. कुठे जायचं ते सुचलं नाही म्हणून. मामांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवर उघडून कागदात गुंडाळलेलं एक ब्लेड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“दोनशे चौदा संध्याकाळी माझ्याकडे परत येते,” ते हळूच म्हणाले. “मोठी चौकशी अजून व्हायचीय, तिथे शीटच बघतात, बाईंचे कागद कोण वाचतंय. एक सही खरवडायची. अर्धं मिनिट.”

“आणि मग शीट कुणाची?”

“ज्याने काढली त्याची.”

मी लगेच नाही म्हणाले, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी त्या ब्लेडकडे बराच वेळ पाहत बसले. तिच्या नावावर दुसऱ्यांच्या चारशे अकरा चुका होत्या. तिची एक दुसऱ्याच्या नावावर गेली तर काय बिघडणार होतं? आणि मग मला एकदम हसू आलं. ती मला कसली ओरडली असती! “उचल ते ब्लेड,” म्हणाली असती, “आणि जिथलं तिथे ठेव.”

मी ते कागदात गुंडाळून मामांच्या हातात दिलं.

“तुझी मर्जी,” ते म्हणाले. त्यांना बरंच वाटलं असावं.

पण मला एक गोष्ट उलगडत नव्हती आणि अजून उलगडलेली नाही. इस्पितळात तिला ही शीट आठवत होती का? डाव्या-उजव्याची गफलत तिला तिथे पडल्या पडल्या कळली होती का? की चूक मान्य म्हणायची तिला इतकी सवय झाली होती की आपली कुठली आणि लोकांची कुठली हे तिने पाहणंच सोडलं होतं? मी सहीखालची तारीखही आठवून पाहिली. त्या दिवशी घरात कुणी आजारी नव्हतं, कुणाचा वाढदिवस नव्हता. साधा मंगळवार होता.

आणि मी काय लिहायचं? बाकीचं सगळं उजेडात धरा, असं लिहिलं तर तिचं नाव धुऊन निघालं असतं. पण तिने एकतीस वर्षं ज्यांना खाली मान घालू दिली नाही, त्यांना मी एका दुपारी घालायला लावणार होते. नाही लिहिलं तर दर वर्षी वीस-पंचवीस नवी मुलं एका खोलीत बसून तिचं नाव वाचणार होती, माणसाने कसं नसावं हे शिकण्यासाठी.

*

चारला दहा मिनिटं असताना मी बाईंसमोर बसून लिहिलं. ‘शीट क्रमांक दोनशे चौदावरील चूक माझ्या आईची आहे, हे मान्य. इतर दुरुस्त्या तिने केल्या आहेत, पण चुका कुणाच्या होत्या हे चौकशीत कुणी विचारलेलं नाही. ते ठरेपर्यंत ‘सवयीची’ हा शब्द काढावा, ही विनंती.’

बाईंनी वाचलं. “कुणाच्या होत्या मग?”

मी गप्प बसले. पंखा फिरत होता. बाई पेन्सिल धरून वाट पाहत होत्या आणि मला आईच्या बैठकांमधल्या गप्प बसण्याची थोडी कल्पना आली. ते गप्प बसणं वाटतं तितकं सोपं नव्हतं.

“नुसतं असं लिहून चालत नाही हो. नाव हवं.”

“माझं लिहा,” दारातून आवाज आला.

मुख्य आरेखक आत आले. त्यांच्या मागे मामा, हातात काही नसताना काहीतरी घेऊन आल्यासारखे.

“त्यातल्या निम्म्या माझ्या असतील,” ते म्हणाले. “जास्तच. आज तळघरात जाऊन बघून आलो. बाकीच्यांचं बाकीचे बघतील.”

बाईंनी अहवालाची पानं पुढे-मागे केली. “अहो, पण तुम्ही मुख्य आरेखक आहात. हे मी कुठल्या रकान्यात लिहू? असा रकानाच नाहीये.”

“समासात लिहा.”

बाईंना काय करावं सुचेना. शेवटी त्यांनी ‘सवयीची’वर एक आडवी रेघ मारली. त्याआधीच्या ओळीतला ‘निष्काळजीपणा’ तसाच ठेवला. तो शब्द काढायचा तर वरून परवानगी लागते, म्हणाल्या. प्रशिक्षणाच्या दोन पानांचं काय, हे मी विचारलं तर त्या म्हणाल्या, “बघते. नाव काढता आलं तर काढते.” काढलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

मी उठले आणि निघता निघता टेबलावरच्या शीटकडे पाहिलं. वर्तुळ होतं तिथेच होतं.

“हे अजून पश्चिमेलाच आहे?” मी विचारलं.

सगळे शीटकडे पाहू लागले.

“चौकशी पुरी होईपर्यंत पुराव्याला हात लावता येत नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि आज वाहिनी पुन्हा फुटली तर?”

“तर पुन्हा पश्चिमेला खणतील,” मामा म्हणाले. “तिथे आता खणायला सोपं आहे.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन काढला, शीटचा फोटो घेतला, मग जवळून आणखी एक घेतला. “पुरावा झाला,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची मागे ओढून जागा करून दिली.

मुख्य आरेखकांनी खिशातून चष्मा काढला. मामांकडे हात पुढे केला. मामांनी खिशातून ब्लेड काढून दिलं. चौदा वर्षांपूर्वीचं वर्तुळ त्यांनी हलक्या हाताने खरवडलं, काळी पूड कागदाच्या तुकड्यावर घेतली. आईच्या सहीला त्यांनी धक्का लावला नाही. मग रस्त्याच्या पूर्वेला पेनाने नवं वर्तुळ काढलं आणि हात तसाच अधांतरी धरून थांबले.

“कुठे टाकतात?” त्यांनी विचारलं. “शेजारी की खाली?”

“ताई शेजारी टाकायच्या,” मामा म्हणाले.

त्यांनी शेजारी सही केली. सवय नसल्यामुळे ती बारकी झाली नाही. शेपूट रस्त्यावर आलं. तारीख टाकताना त्यांनी मला आज किती तारीख ते विचारलं आणि मी सांगितली.

मामा फुंकर घालायला वाकले.

“फुंकू नका,” मुख्य आरेखक म्हणाले. “पसरते.”

मग शाई वाळेपर्यंत आम्ही चौघं त्या टेबलाभोवती उभे राहिलो.